अडकलेली पुंगळी

अप्पा : बघा, ओढली. परत आत घातली, बोल्ट लावला, मागं घेतला. परत ओढली. आता काय बिघाड काढू हिच्यात, तुम्हीच सांगा.

अण्णाराव : अजून घाला.

अप्पा : अण्णाराव, सकाळपासून घालतोय आणि काढतोय. हे डमी काडतूस झिजंल आता. आमच्या दुकानातून गेलेली रायफल आहे ही. माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं दिली बापूसाहेबांना. अशी दगा देणारी नाही.

अण्णाराव : माणसं बी दगा देणारी नसतात. देतात.

उर्वी : अण्णाकाका, जरा थांबा. अप्पा, मला बंदुकीतलं काही कळत नाही. बाबांनी कधी हात लावू दिला नाही. अडकते म्हणजे नेमकं काय होतं, ते मला दाखवा.

अप्पा : या इकडं, उजेडात. हा बोल्ट. ह्याच्या तोंडाशी, उजव्या अंगाला, हा बारका आकडा दिसतोय का? नखाएवढा?

उर्वी : हो.

अप्पा : एक्स्ट्रॅक्टर म्हणतात ह्याला. काडतुसाच्या बुडाला कड असती, ती हा धरतो. बार उडाला की गोळी जाती पुढं, पितळेची रिकामी पुंगळी राहती आत, नळीच्या बुडाशी. बोल्ट मागं घेतला की हा आकडा तिला धरून बाहेर काढतो. ती निघाली तरच दुसरं काडतूस आत जातंय.

उर्वी : आणि ह्याने धरलीच नाही तर?

अप्पा : तर मग हातात काय, साडेतीन किलोची काठी.

अण्णाराव : तेच. अगदी तेच बापूच्या हातात व्हतं. मी काय येगळं बोललो आजवर?

उर्वी : तुम्ही बोललात. पण आई मानत नाही, अण्णाकाका. आणि खरं सांगते, रागावू नका, मलाही धड मानता येत नाही. म्हणून तुम्हाला इथं बोलावलं. नाहीतर बंदूक जमा करायला मिहिरसुद्धा आला असता पुण्याहून. मुलगा म्हणून बाबांचा परवाना त्याच्या नावावर झाला असता, पण त्याला तो नकोच आहे. अप्पांनी ठेवून घ्यावी, गिऱ्हाईक मिळालं तर विकावी, एवढंच काम होतं. पण एकदा ही दुकानात गेली, की विचारायला काही उरणार नाही.

अप्पा : गिऱ्हाईक कुठलं आता, ताई. निवडणूक लागली की माझं दुकान भरतंय, सगळे परवानेवाले जमा करायला येतात. निकाल लागला की रिकामं. मधल्या काळात मी तेल घालत बसतो.

अण्णाराव : चहाला बी परवाना लागतो का तुमच्याकडं? उमरीहून येऊन बसलोय कवाचा.

अप्पा : सांगितलाय की ओ. येतोय.

उर्वी : बाबांचं वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात आहे. भावकीला सांगून झालं. आईने यादीतून एकच घर वगळलं. शेजारचं.

अण्णाराव : ठावं हाय. मी दिसलो की वहिनी दार लावून घेतात. मी आता मागल्या बोळीनं जातो. त्यांना उगं उठाया नको दार लावाया.

उर्वी : तर मला आज समजून घ्यायचंय. बंदूक अडकली होती, का तुम्ही पळालात म्हणून बाबा एकटे पडले. एवढंच.

अण्णाराव : विचार ना. वरीसभर समद्यांनी विचारलं. तू राहिली व्हतीस.

उर्वी : मग सांगा. पहिल्यापासून.

अण्णाराव : काय पहिल्यापासून? ऊस माझा. तोडणी चालू व्हती. तुकडा तोडत तोडत आले गडी, शेवटी मधी एवढंच बेट राहिलं. रानडुकरं अशीच असतात, ऊस तुटत जातो तशी आत आत सरकतात. तीन-चार तरी आत व्हती. तोडणीवाल्या बाया म्हणल्या, आमी आता कोयता लावत न्हाई. मागल्या साली एकीचा पाय फाडला व्हता. डुकरं मारायचं वनखात्याचं पत्र बापूच्या नावानं व्हतं, मग बापूला बोलावलं. दुसरं कोण हाय चार गावात?

उर्वी : दिवसाढवळ्या.

अण्णाराव : दहा वाजले असतील. ऊन व्हतं चांगलं. बापू बांधावर, मी त्याच्या डाव्या अंगाला काठी घेऊन. गड्यांनी पलीकडून डबे वाजवले. एक नर निघाला, असा म्हशीच्या रेडकाएवढा. बापूनं बार टाकला. बसला, पण मागं बसला, कमरंत. ते गर्रकन फिरलं आन् आमच्याकडंच.

अप्पा : जखमी असलं की तसंच करतंय.

अण्णाराव : बापूनं बोल्ट मागं घेतला. नुसता बोल्ट आला. पुंगळी आतच. त्यानं परत पुढं लोटला, तर दुसरं काडतूस तिच्या बुडावर जाऊन थटलं. ना पुढं, ना मागं. म्हणला, 'अण्णा, निघंना.' असं म्हणला, जसं काय डब्याचं झाकण निघंना.

उर्वी : आणि तुम्ही?

अण्णाराव : मी पळालो.

उर्वी : म्हणजे लोक म्हणतात ते—

अण्णाराव : काठीनं काय व्हतंय? तोडणीवाल्यांचे कोयते पडले व्हते मागं, चार सऱ्या सोडून. त्याच्यासाठी पळालो. कोयता घेऊन माघारी आलो तंवर त्यानं मांडी फाडली व्हती. मग मी कोयता घातला त्याच्या मानंवर. हे बी गडी सांगतात का? न्हाई. त्यांना माझी पाठ दिसली. पळताना माणसाची पाठच दिसती, कशापायी पळतो ते दिसत न्हाई.

उर्वी : कोयत्याचं मला कुणी सांगितलं नाही.

अण्णाराव : कोण सांगल? समदे झाडावर व्हते.

उर्वी : बरं. हे धरून चालू. पण मग पुढचं सांगा. पोलीस आले तेव्हा बंदूक रिकामी होती. पुंगळी बाजूला पडलेली, काडतुसं काढून बाबांच्या पिशवीत ठेवलेली, आणि बंदूक बांधाच्या बाभळीला नीट टेकवलेली. अडकलेली बंदूक अशी असते का? आई हेच विचारते. अडकली होती तर पुंगळी बाहेर कशी आली?

अण्णाराव : आली.

उर्वी : कशी?

अण्णाराव : आली म्हणलं की. अप्पा, चहा ऱ्हाऊ द्या, मला साडेबाराची गाडी हाय.

उर्वी : आणि तुम्ही जीपमध्ये बसला नाहीत. बाबांना नांदेडला नेत होते, रक्त थांबत नव्हतं, आणि चाळीस वर्षांपासूनचा दोस्त बांधावर उभा राहिला. आईचं तुमच्यावरून मन तिथं उडालं, पळण्यावर नाही. पळणं ती समजू शकली असती.

अण्णाराव : जागा नव्हती जीपमधी.

उर्वी : होती. मागे दोन गडी बसून गेले. त्यातल्या एकाला तर गाडीत उलटी होत होती, त्यालासुद्धा जागा होती.

अण्णाराव : तू लातूरला कालेजात पोरांना असंच उलटंसुलटं विचारतीस का?

उर्वी : नाही. ती मला उत्तरं देतात.

अप्पा : ऐका, ऐका दोघं. ही सोडली बघा.

उर्वी : काय?

अप्पा : तुमचं चालू होतं तेव्हा मी आपलं उगं ओढत होतो. आता नाही आली बाहेर. बघा, बोल्ट मोकळाच आला. डमी आत राहिली.

अण्णाराव : बघा! बघा म्हणलं न्हाई का?

अप्पा : थांबा की ओ. परत बघू. गजानं काढतो आधी. हां. आता परत. ओढली. परत. ओढली. परत... सोडली. हॅत तिच्या. असं कसं करतंय हे? स्प्रिंग तर मीच बदलली होती.

उर्वी : कधी?

अप्पा : दोन साल झाले. बापूसाहेब आले होते तेल-पाणी करायला. मी म्हणालो, आकड्याची स्प्रिंग मऊ पडलीय, टाकतो नवी. चांगली टाकली ओ ताई. हातानं पारखून टाकली. एवढ्यात जाणारी नाही.

अण्णाराव : गेली असंल. स्प्रिंगच गेली असंल, अप्पा. माणसाचं काय, लोखंडाचं काय. बंद करा, ठेवून द्या आता. कळलं ना उर्वी? अडकली. मी खोटं न्हाई बोललो. झालं.

उर्वी : एवढी घाई का करता?

अण्णाराव : गाडी हाय म्हणलं ना.

उर्वी : अप्पा, तो आकडा बाहेर काढता येतो का?

अप्पा : एक स्क्रू आहे. भिंग द्या ते जरा, तुमच्या मागं आहे. हां... हलतोय, पण जड हलतोय. तिरपा केला की तसाच राहतोय वर. खाली बसतच नाही. म्हणजे कड धरायची कशी त्यानं? आता कळलं. ह्या फटीत काहीतरी बसलंय. गंज आहे. लाल दिसतोय.

उर्वी : दाखवा.

अप्पा : पोलीस ठाण्यात वर्षभर कपाटात पडली, दमट हवा, गंज येणारच. सुईनं काढतो. कागद धरा खाली.

अण्णाराव : काय बघायचंय गंजाचं? तेल टाका आन् पुसा.

उर्वी : अप्पा, हा गंज नाही.

अप्पा : लाल आहे की.

उर्वी : ह्यात तांदूळ आहे. हा बघा, अर्धा दाणा. तांदूळ गंजत नाही.

अप्पा : तांदूळ? रायफलीत?

उर्वी : तुमच्या कपाटातल्या बंदुकांकडे बघा. दस्त्यावर काय लावलंय?

अप्पा : ते खंडेनवमीचं आहे. हळद-कुंकू, अक्षता. मी तर लेथलासुद्धा लावतो, कानसेलासुद्धा. पण वरून लावतो, ताई. आत कोण लावतंय? आणि हे नुसतं कुंकू नाही. चिकट आहे. वाळून खडा झालाय. काय आहे हे?

अण्णाराव : पुरण.

अप्पा : काय?

अण्णाराव : पुरण हाय ते. दसऱ्याचं. अप्पा, दार लोटून घ्या जरा.

(अप्पा दुकानाचं दार लोटून घेतात.)

उर्वी : तुम्हाला माहीत होतं.

अण्णाराव : हाव.

उर्वी : वर्षभर.

अण्णाराव : तुमच्या घरी खंडेनवमीला बंदूक पाटावर मांडतात, ते तुला ठावं हाय. बापू पुसून द्यायचा, वहिनी पूजा करायच्या. दरसाली नळीला बोटभर हळद-कुंकू. दसऱ्याला पुरणाचा घास दाखवायचा. बापू हसायचा, म्हणायचा, हिला बी सण हाय, खाऊ दे. दुसऱ्या दिवशी समदं पुसून तेलाचा हात फिरवायचा.

उर्वी : मागच्या वर्षी?

अण्णाराव : मागल्या वर्षी बापूच्या डोळ्याचं आपरेशन झालं व्हतं. वहिनी म्हणत व्हत्या, आता सोडा बंदूक. हा म्हणला, एवढा उसाचा हंगाम निघू दे. त्यांनी ऐकून घेतलं. पण दसऱ्याला पूजेला बसल्या तवा बोल्ट उघडा म्हणल्या. म्हणल्या, दरसाली वरवरची पूजा व्हती, यंदा जिथून बार निघतो तिथंच करते. आतला देव राखल तुमाला. आन् आत लावलं. कुंकू, अक्षता, पुरणाचा घास. मी तिथंच व्हतो, सोनं द्यायला गेलो व्हतो.

उर्वी : आणि बाबांनी दुसऱ्या दिवशी पुसलं नाही.

अण्णाराव : मी म्हणलो त्याला. बांधावर यायच्या आधल्या दिशी म्हणलो, बापू, ते आतलं काढ, चिकट असतंय. त्यानं चिंधीनं वरचं वरचं पुसलं. म्हणला, 'तुळशीच्या लग्नापर्यंत पुसणार न्हाई म्हणून शब्द दिलाय सौदामिनीला, तुझ्या वहिनीला. दिसतंय तेवढं काढलं, थोडं ऱ्हाऊ दे तिच्या समाधानाला.' दोन बार टाकून बी बघितले मोटेच्या विहिरीपाशी. दोन्ही पुंगळ्या आल्या की बाहेर. मला बी वाटलं, काय व्हतंय.

अप्पा : असंच करतंय हे. दोनदा येतंय, तिसऱ्यांदा सोडतंय. कायम बिघडलेलं बरं ओ. कायम बिघडलेली बंदूक कुणी रानात घेऊन जात नाही.

उर्वी : मग ती पुंगळी तुम्ही काढलीत. बाबांना नेल्यावर.

अण्णाराव : पिशवीत गज व्हता. तोंडाकडून घालून ठोकली. बोल्ट काढून टॉवेलानं पुसला. बोटानं लागंल तेवढं काढलं. ही फट काई दिसली न्हाई.

उर्वी : तुमच्याच बाजूचा पुरावा होता तो. पुंगळी आत राहिली असती, तर पोलिसांनीच लिहिलं असतं बंदूक अडकली म्हणून. एकही माणूस तुम्हाला पळपुटा म्हणाला नसता.

अण्णाराव : आकल हाय मला तेवढी.

उर्वी : मग का? जीप सोडून, बाबांना सोडून तुम्ही बंदूक पुसत बसलात?

अण्णाराव : बसत व्हतो मी जीपमधी. एक पाय वर ठिवला व्हता. त्यानंच ढकललं.

उर्वी : कुणी?

अण्णाराव : तुझ्या बापानं. मांडीला माझंच धोतर बांधलं व्हतं, ते भिजून गेलं व्हतं. तोंड पांढरं. पण ध्यान ठिकाणावर. माझा हात सोडवून घेतला आन् म्हणला, 'तू थांब. ते पूस. तिला कळू देऊ नको.'

उर्वी : ते काही बोललेच नाहीत, असं मला सांगितलं. गडी म्हणाले, शुद्धच नव्हती.

अण्णाराव : जीप हलल्यावर गेली असंल शुद्ध. त्याच्या आधी येवढं बोलला. दुसरं काई न्हाई.

उर्वी : माझ्याबद्दल?

अण्णाराव : न्हाई, माय. तुझं न्हाई, मिहिरचं न्हाई. खोटं कामून सांगू. ते पूस म्हणला, बस.

अप्पा : ताई, पाणी घ्या. चहा पण आलाय बघा, दारात ठेवलाय. घ्या.

उर्वी : नको. राहू द्या.

अण्णाराव : घे. उपाशी निघालीस लातूरहून, तोंडावर दिसतंय.

उर्वी : मी वर्षभर विचार करतेय, शेवटी काय बोलले असतील. दवाखान्यात तर पोचल्यावर सगळं संपलेलंच होतं. मी अहमदपूरपर्यंत आले होते तेव्हा मिहिरचा फोन आला. तिथं स्टँडसमोर गाडी उभी केली आणि पुढं यायचं कशाला, हेच कळेना. ... आणि ते बंदूक पुसा म्हणाले.

अण्णाराव : त्याला वहिनींचं पडलं व्हतं.

उर्वी : हो. कळतंय मला.

अण्णाराव : म्हणून म्हणतो, पुसा ते. कागद गुंडाळून टाका. वहिनींना सांग, स्प्रिंग गेली व्हती. जुनी झाली व्हती, तुटली. त्याच्यात कुणाचं काई न्हाई.

अप्पा : कुणाचं नाही कसं? स्प्रिंग माझी आहे की ओ.

अण्णाराव : असू द्या की.

अप्पा : असू द्या काय? उद्या चार गावात होईल, अप्पानं फुसकी स्प्रिंग टाकली, माणूस गेला. तुम्ही वर्षभर वाहिलं, आता माझ्या डोक्यावर ठेवताय होय? माझी स्प्रिंग चांगली आहे, अण्णाराव. हा बघा, आकडा धुतला, परत बसवला. आता ओढा तुम्हीच. ओढा. एकदा तरी सोडती का बघा.

उर्वी : नाही सोडत.

अप्पा : नाही सोडत. शंभरदा ओढा. हे माझं काम आहे.

उर्वी : अप्पा, मी गावात नाही सांगणार. फक्त आईला.

अप्पा : आईला सांगितलेलं घरात राहतंय का? बरं, राहिलं घरात. तरी दर वर्षी श्राद्धाला त्यांच्या मनात कोण येणार? मी. दुकानावरून जाताना त्या मान फिरवणार. ह्यांच्याकडं बघून फिरवतात तशी.

उर्वी : मग आईला काय सांगू? तूच लावलेल्या कुंकवाने बाबा गेले, असं? बाबांचा शेवटचा शब्द मोडून? आणि नाही सांगितलं, तर पुढच्या आठवड्यात अख्खी भावकी जेवायला बसेल आणि अण्णाकाका मागच्या बोळीने जातील. कुणावर तरी टाकल्याशिवाय हे मिटतच नाही का?

अण्णाराव : मला सवय झाली. माझ्यावरच असू द्या.

उर्वी : नाही. तेवढं नाही.

अप्पा : ... सांगा, ताई. स्प्रिंग गेली म्हणून सांगा. बापूसाहेब माझ्या लग्नाला आले होते देगलूरला, बैलगाडीतून, पावसात. सांगा. मी काही बोलणार नाही.

उर्वी : अप्पा—

अप्पा : सांगा म्हटलं की. माझा विचार बदलायच्या आत सांगा.

अण्णाराव : फोन वाजतोय तुझा.

उर्वी : आईचाच आहे.

अण्णाराव : घे मग. स्प्रिंग म्हण. लई लांबवू नको.

उर्वी : हां, आई. ... हो, दुकानातच आहे. ... हो, तेही आहेत, समोरच बसलेत. ... झालं बघून. आई, अण्णाकाका खरं सांगत होते. बंदूक अडकली होती. अप्पांनी माझ्यासमोर ओढून दाखवली, पुंगळी आतच राहते. ... नाही, ते कोयता आणायला पळाले होते. परत आले. डुक्कर त्यांनीच मारलं. ... हो, ते मलाही आजच कळलं. ... कशामुळे म्हणजे, ती आत एक बारीक स्प्रिंग असते. ती गेली होती. जुनी झाली होती. ... हो, स्प्रिंगच. ... आई, तेवढंच म्हणाले अप्पा. ... काय? लाल? लाल काय असणार?

अण्णाराव : न्हाई म्हण.

उर्वी : ... आई, तू हे केव्हापासून... ... पहिल्या दिवसापासून? ... मग बोलली का नाहीस कुणाशी? ... वर्षभर तू हे एकटी... ... हो. ऐकतेय. ... आई, बाबांनाही माहीत होतं. त्यांनी पाहिलं होतं, आणि ठेवलं. त्यांनी ठेवलं, आई. ... नाही. आता नाही खोटं बोलत. ... हो. होतं लाल. आकड्याखाली. ... हो.

अप्पा : अरे देवा.

उर्वी : ... आहेत. देते. अण्णाकाका, आईला तुमच्याशी बोलायचंय.

अण्णाराव : माझ्याशी? काय बोलू मी?

उर्वी : मला नाही माहीत. धरा.

अण्णाराव : हां, वहिनी. ... हाव, अण्णाच. ... हाव, मीच पुसलं. टॉवेलानं. ... त्यानं सांगितलं व्हतं. जीपमधी बसताना. ... तुमाला कळू देऊ नको म्हणला. बाकी काई न्हाई बोलला. ... न्हाई, लई दुखत न्हवतं त्याला. तसं दिसत तरी न्हवतं. ... मी कसा बोलणार वहिनी? आन् तुमी विचारलंच न्हाई. तुमी दार लावलं. ... न्हाई, न्हाई, तसं नका म्हणू. तुमी बी काय करणार व्हता? काई तरी लावायलाच लागतं माणसाला, दार तर दार. ... हाव. ... मला कळत व्हतं, वहिनी. मला वाटत व्हतं, तुमाला बी ठावं असंल. ... हाव. ... हाय मी, ऐकून राहिलो. ... ... न्हाई. न्हाई अजून. चहा घेतला. ... बरं. बरं, ठेवतो.

उर्वी : काय म्हणाली?

अण्णाराव : दार लावलं ते चुकलं म्हणल्या. पण रडल्या न्हाईत.

उर्वी : मग?

अण्णाराव : मग विचारलं, जेवलात का.